पायपिटीचे पोवाडे

गरीब विद्यार्थ्याच्या हालअपेष्टांचे कौतुक करणे हा आपल्या सुशिक्षित वर्गाचा एक आवडता विरंगुळा होऊन बसला आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले, की वृत्तपत्रांतून ठरावीक छायाचित्रे झळकतात. भाजीच्या गाडीवर बसून अभ्यास केलेली मुलगी, रस्त्यावरील दिव्याखाली वाचून पहिला आलेला मुलगा, शेजारी डोळे पुसणारी आई. लोकप्रतिनिधी पुष्पगुच्छ घेऊन त्या घरी जातात आणि अशी जिद्द सर्वांनी बाळगावी, असा उपदेश करून परततात. त्या मुलाच्या घरी दिवा का नव्हता, हे त्यांना कोणी विचारत नाही. वास्तविक, विचारायला हवे होते ते त्यांनाच.

या वृत्तीचा एक जागतिक आणि अतिशय देखणा आविष्कार म्हणजे पास्कल प्लिसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ऑन द वे टू स्कूल’ हा २०१३ सालचा माहितीपट. एकट्या फ्रान्समध्ये दहा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला आणि २०१४ मध्ये उत्कृष्ट माहितीपटासाठीचा ‘सेझार’ पुरस्कारही त्याला मिळाला. मध्यंतरी तो आमच्या मंडळात दाखविण्यात आला व नंतर चर्चा झाली. चर्चेचा एकंदर सूर असा होता, की “पाहा ती मुले आणि पाहा आपली नातवंडे! यांना दारात बस लागते.” सभागृहातील कित्येकांचे डोळे पाणावले होते. त्या अश्रूंच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हाला शंका नाही. मात्र ते अश्रू चुकीच्या पत्त्यावर गेले, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम माहितीपटाविषयी. चार देशांतील मुलांचा घरापासून शाळेपर्यंतचा प्रवास हाच त्याचा विषय. केनियातील अकरा वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीला घेऊन हत्तींचा वावर असलेल्या माळरानातून १५ किलोमीटर चालतो. मोरोक्कोतील ॲटलास पर्वतात राहणारी बारा वर्षांची मुलगी दर सोमवारी पहाटे निघून दोन मैत्रिणींसह २२ किलोमीटरांची वाट तुडवते. अर्जेंटिनाच्या पॅटागोनिया भागातला मुलगा बहिणीला मागे बसवून घोड्यावरून जातो. चौथा मुलगा आपल्या देशातला, बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर राहणारा. त्याला चालता येत नाही. डागडुजी करून चालती ठेवलेली त्याची चाकांची खुर्ची त्याचे दोन धाकटे भाऊ वाळूतून आणि पाण्यातून ४ किलोमीटर ओढत नि ढकलत नेतात. त्यासाठी त्यांना तासाहून अधिक वेळ लागतो. छायाचित्रण अप्रतिम आहे. मुलांचे हसणे, भांडणे, एकमेकांना सांभाळून घेणे यांत कोठेही रडगाणे नाही. भावंडांचे प्रेम इतक्या निर्मळपणे पडद्यावर क्वचितच आले असेल. हे सर्व आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु सत्त्याहत्तर मिनिटांच्या या चित्रपटात एक पात्र कोठेच दिसत नाही. ते पात्र म्हणजे शासन. शाळा तेथे कोणी बांधली, मुलांच्या घराजवळ का बांधली नाही, वाटेवर पूल का नाही, वाहन का नाही, यांविषयी चित्रपट मौन पाळतो. ऊन, पाऊस, नदी, हत्ती यांच्या पंक्तीला शाळेचे अंतरही जाऊन बसते, जणू तेही निसर्गानेच निर्माण केले आहे. डोंगर निसर्गाने निर्माण केला, हे खरे. पण डोंगराच्या कोणत्या बाजूला शाळा बांधायची, हे माणसे ठरवतात आणि ती माणसे पगार घेऊन ठरवतात.

दुसरे असे, की जी मुले शाळेत पोहोचली तीच पडद्यावर आली. ज्यांनी दोन वर्षे पायपीट करून तिसऱ्या वर्षी शाळा सोडली, ज्या मुलीला न्हाण आल्यावर एवढ्या लांब एकटी कशी पाठवायची म्हणून घरी बसविण्यात आले, ज्या अपंग मुलाला खुर्ची ढकलणारे भाऊ नाहीत, त्यांच्यावर चित्रपट निघत नाही. त्यांच्या आयुष्यात प्रवासच नाही, मग चित्रीकरण कशाचे करणार? आपण मात्र पोहोचलेल्या मुलांकडे बोट दाखवून न पोहोचलेल्यांना अप्रत्यक्षपणे सांगतो, की तुमच्यात जिद्द कमी पडली. अन्यायाला गुणवत्तेचे रूप देण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

मोरोक्कोच्या मुलीचेच उदाहरण पाहा. ती आठवड्यातून एकदाच चालते, कारण त्या वाटेच्या शेवटी तिला राहण्याची सोय आहे. म्हणजे तिच्या शिक्षणाचे श्रेय तिच्या पायांइतकेच त्या निवासव्यवस्थेलाही आहे. केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शिक्षणातील शुल्क रद्द केले आणि दहा लाखांहून अधिक नवी मुले शाळेत आली. त्या मुलांच्या अंगी आदल्या वर्षी जिद्द नव्हती आणि जानेवारीत ती एकाएकी उगवली, असे कोणी म्हणेल काय?

आता आपल्या मुलाकडे वळू. हा मुलगा तेरा वर्षांचा आहे, म्हणजे सहा ते चौदा या वयोगटातला. ज्या सुमारास हे चित्रीकरण झाले, त्यापूर्वीच, १ एप्रिल २०१० रोजी, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशात लागू झाला होता. केंद्राने त्याच वर्षी केलेल्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे चालत जाण्याचे अंतर सांगितले आहे. जेथे दरडी, पूर किंवा रस्त्यांचा अभाव असा धोका असेल, तेथे हे अंतर आणखी कमी करावे, असेही त्यांत आहे. आणि जे मूल अपंगत्वामुळे शाळेत पोहोचू शकत नाही, त्याच्यासाठी सुरक्षित वाहतुकीची व्यवस्था शासनाने वा स्थानिक संस्थेने करावी, असे स्वतंत्र कलम आहे. राज्यांनी आपापले नियम याच धर्तीवर केले. त्याही आधी, १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अशा मुलांच्या वाहतुकीसाठी योजना आखण्याचे, ते न जमल्यास पालकांना आर्थिक साहाय्य देण्याचे बंधन शासनावर घातलेले होते. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या कायद्यातही वाहतुकीची तरतूद आहे.

एवढी कलमे डोळ्यांसमोर ठेवून ते दृश्य पुन्हा पाहावे. चाके रुतली आहेत, दोन लहान मुले जिवाच्या आकांताने खुर्ची ओढत आहेत, पार्श्वसंगीत चालू आहे. हा बंधुप्रेमाचा प्रसंग आहेच. पण त्याच वेळी ही देशाच्या कायद्याची उघड्यावर चाललेली थट्टाही आहे. प्रेक्षकाला फक्त पहिली गोष्ट दाखवायची आणि दुसरीचा सुगावाही लागू द्यायचा नाही, हे आम्हाला खटकते. कॅमेरा, माणसे आणि सामान त्या वाळूपर्यंत पोहोचू शकले, तर त्या मुलासाठी एखादे वाहन का पोहोचू नये, हा साधा प्रश्न आमच्या सभागृहात एकालाही पडला नाही, याचे आश्चर्य वाटते.

आमची हयात राज्य शासनाच्या सेवेत गेली. त्यामुळे अंतर ही वस्तू कचेरीत कशी तयार होते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, की दोन वस्त्यांमधले अंतर ९०० मीटर भरते आणि ‘शाळा उपलब्ध’ अशी नोंद होते. मध्ये ओढा आहे, पावसाळ्याचे तीन-चार महिने तो पायी ओलांडता येत नाही आणि वळसा घेतला तर चार किलोमीटर पडतात, हे पट्टीला दिसत नाही.

अंतर कचेरीत वाढते, तसे ते कचेरीतच कमीही करता येते. याचा दाखला आमच्या मध्यप्रदेशातच आहे. १९९६ मध्ये लोकसंपर्क अभियानात घरोघरी जाऊन शाळेबाहेरच्या मुलांची गणना झाली आणि १ जानेवारी १९९७ पासून शिक्षा गारंटी योजना सुरू झाली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि जेथे आदिवासी भागात २५, इतरत्र ४० मुले आहेत, त्या वस्तीने मागणी केल्यास ९० दिवसांत शाळा देण्याची हमी शासनाने घेतली. पुढील काही वर्षांत वीस हजारांहून अधिक शाळा उघडल्या. या योजनेत दोष होते. गुरुजींना तुटपुंज्या मानधनावर राबविण्यात आले, पूर्ण प्रशिक्षित शिक्षकाची उणीव त्यांच्याकडून भरून काढण्यात आली, हे आम्ही नाकारीत नाही. पण एक गोष्ट त्या योजनेने कायमची सिद्ध केली. ज्या वस्त्यांना शिक्षणाची आवड नाही असे कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे सांगितले जात होते, त्यांनीच अर्जांवर अंगठे उमटवून शाळा मागितल्या.

दुसरा दाखला बिहारचा. २००६ मध्ये तेथील शासनाने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि ही वाढ मुख्यत्वे त्याच गावांत झाली, जेथून शाळा तीन किलोमीटरांहून लांब होती. म्हणजे अडथळा मनात नव्हता, रस्त्यावर होता. प्रेरणादायी चित्रपट दाखवून जे झाले नसते, ते दोन चाकांनी केले.

यावर आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, “अहो, कष्टाशिवाय चारित्र्य घडत नाही. आपल्या वाडवडिलांनी माधुकरी मागून, वार लावून शिक्षण घेतले, म्हणून ते मोठे झाले.” हा युक्तिवाद मराठी घरांत फार मुरलेला आहे, म्हणून त्याचा नीट समाचार घेणे आवश्यक आहे.

पायपिटीचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. सहावी इयत्तेच्या परीक्षेसाठी ते किशोरवयात मुरुडहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्यास पायी गेले. शंभराहून अधिक मैलांचा तो प्रवास होता. ही कथा आपण मुलांना सांगतो ती येथवरच. पुढचा भाग बहुधा गाळला जातो. साताऱ्यास पोहोचल्यावर हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून परीक्षा समितीने त्यांना परीक्षेस बसूच दिले नाही! एवढी पायपीट कचेरीतल्या एका नजरेने व्यर्थ ठरविली. या अनुभवाचे कर्व्यांनी पुढे काय केले? चालण्याने चारित्र्य घडते म्हणून त्यांनी मुलांना चालायला लावले काय? स्त्रीशिक्षणातील त्यांचे कार्य सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले, हे फारसे आठवले जात नाही. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती, तेथे शाळा काढणे हे त्या मंडळाचे काम होते. जो स्वतः चालला होता, त्याने शाळा मुलाच्या गावात नेण्याचा उद्योग केला. पायपिटीचे पोवाडे गाण्याचे काम न चाललेल्यांनी पत्करले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनीही हेच केले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून त्यांनी गरीब मुलांसाठी वसतिगृहे उभारली. ‘कमवा आणि शिका’ यात कष्ट होते. पण ते कष्ट करणाऱ्या मुलाच्या डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी असेल, याची तजवीज आधी होती. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची जी मालिका सुरू केली, तिचाही अर्थ हाच. माधुकरीची परंपरा ज्यांना वंदनीय वाटते, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की माधुकरी मागण्याची सोयसुद्धा ठरावीक जातीच्या मुलांनाच होती. इतरांसाठी कोणाचे दार उघडले जात होते?

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. पाच-दहा मुलांसाठी शाळा चालविणे परवडत नाही, असे ते म्हणतात. याच विचाराने राजस्थानात २०१४ मध्ये सुमारे सतरा हजार शाळा इतर शाळांत विलीन करण्यात आल्या. महाराष्ट्रात डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, पुढे समूह शाळांची कल्पना मांडण्यात आली. उत्तरप्रदेशाने २०२५ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे आदेश काढले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मोठ्या शाळेत पुरेसे शिक्षक, प्रयोगशाळा, खेळाचे मैदान मिळते, हे म्हणणे निरर्थक नाही. पण मग वाहन आधी सुरू करा आणि शाळा नंतर बंद करा. प्रत्यक्षात शाळा बंद होण्याचा आदेश तत्काळ अमलात येतो आणि वाहनाचा प्रस्ताव विचाराधीन राहतो. यात खर्च वाचत नाही, तो शासनाच्या तिजोरीतून मुलांच्या पायांवर टाकला जातो, एवढेच. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना तर हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गल्लीतली मराठी शाळा पटाअभावी बंद पडली, की दुसऱ्या टोकाच्या शाळेत कितीजण मुलांना पाठवतात, हे आपण आपल्याच डोळ्यांनी पाहिलेले आहे.

तिसरा आक्षेप रसिकांचा. चित्रपट ही कला आहे, तो शिक्षण खात्याचा अहवाल नव्हे, तेव्हा त्याच्याकडून ही अपेक्षा का करावी? कलेने अहवाल लिहावा, असे आम्हीही म्हणत नाही. परंतु माहितीपट हा सत्याच्या नावावर प्रेक्षकांची सहानुभूती घेतो. ज्या मुलांच्या घामावर तो उभा आहे, त्यांच्या घामाचे कारण झाकण्याचा अधिकार त्याला पोहोचत नाही. शेवटी मुले आपापली स्वप्ने सांगतात तेव्हा, तुझी शाळा कोठे असायला हवी होती, असा एक प्रश्न विचारला असता, तर कलेची कोणती हानी झाली असती?

शिक्षण मुलापर्यंत नेण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. त्याच राज्यात पुढे फिरती वाचनालये निघाली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जात. वाचकाने पुस्तकापर्यंत चालत यावे आणि मग त्याच्या जिद्दीचा सत्कार करावा, असे त्या राजाला सुचले नाही. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. संविधानाने दहा वर्षांत हे काम पुरे करण्याचे उद्दिष्ट ठेवले, म्हणजे मुदत १९६० ला संपली. मूलभूत हक्क म्हणून त्याचा स्वीकार व्हायला २००२ साल उजाडले आणि कायदा व्हायला २००९. एवढ्या लांबलेल्या वाटेचा हिशेब मागायचा सोडून आपण मुलांच्या वाटेचे कौतुक करीत बसलो आहोत.

तेव्हा आमच्या मंडळाला आणि अशाच इतर मंडळांना आमची एक सूचना आहे. असे चित्रपट अवश्य दाखवावेत. मात्र त्यानंतरची चर्चा नातवंडांच्या ऐषारामावर न घसरता आपल्या जिल्ह्यावर यावी. एखादा विकासखंड निवडावा. कोणत्या वस्तीपासून शाळा किती अंतरावर आहे, किती अपंग मुलांना वाहतुकीची सोय मिळते, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवावी. आमच्यासारखे सेवानिवृत्त लोक मंडळात कमी नाहीत. अर्ज कसा लिहावा, तो कोणत्या टेबलावर अडतो आणि तेथून कसा हलवावा, हे त्यांना चांगले अवगत आहे. उणीव आढळल्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तेथे दाद न लागल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

अशा तक्रारीला कोणी टाळ्या वाजविणार नाही. मात्र तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय देणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे.